माध्यम
(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधात स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. याच कुळातील एका जिवाणूपासून अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावरचे ते पहिले प्रभावी प्रतिजैविक ठरले.

जिवाणू ज्या पोषक द्रवात वाढवतात, त्याला शास्त्रात ‘माध्यम’ म्हणतात. जिवाणू तोच असला तरी माध्यमानुसार त्याचे कर्तृत्व बदलते. अन्न मुबलक असताना तो केवळ वाढत राहतो. अन्न संपत येऊन वाढ मंदावली की प्रतिजैविक निर्माण करू लागतो. माध्यमात फॉस्फेट गरजेहून अधिक झाले, तर स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन घटते. मात्र आरंभापासून उपासमार केली, तर औषध निर्माण करण्याइतके जिवाणूच वाढत नाहीत. आधी पोषण, मग मर्यादा, हा क्रम सांभाळावा लागतो.

२००२ साली स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. मोजकीच प्रतिजैविके बनवणारा म्हणून परिचित असलेल्या या जीवात अशी विशेष संयुगे घडवणारे २० हून अधिक जनुकसमूह आढळले. अशा जिवाणूंमधील अनेक समूह प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमात मौन असतात. माध्यम बदलले, किंवा शेजारी दुसरा जिवाणू वाढवला, की त्यांतील काही जागे होतात.

‘माध्यम’ हा शब्द आपल्या शाळेच्या नावाशीच जोडलेला आहे. मूल म्हणजे जिवाणू नव्हे, हे मी जाणते. तरीही हे वाचताना मला माझ्याच हातचे, प्रगतिपुस्तकांवरील ‘गती कमी’ असे शेरे आठवले. ते मौन मुलाचे होते की आम्ही दिलेल्या माध्यमाचे, हे मी तेव्हा तपासले नव्हते.

पालकहो, आरंभीचे भरपूर पोषण मातृभाषेतून होऊ द्या. पुढे प्रत्येक उत्तर तयार हाती देऊ नका. थोडी निकड मुलांनाही जाणवू द्या. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना इतर भाषांचा शेजार सहज लाभला आहे, त्याचे भय बाळगू नका. आणि आम्हा शिक्षकांकडून एक वचन घ्या: ‘याच्यात काही नाही’ असे म्हणण्यापूर्वी आम्ही माध्यम बदलून पाहू.