एकोणसाठपैकी एकोणसाठ

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



काल संध्याकाळपासून निदान दहा जणांनी मला विचारलं, "तू सॉफ्टवेअरवाली, मग मेंदूच्या ऑपरेशनशी तुझा काय संबंध?" संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात सांगते.

मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. शंभर प्रौढांमागे साधारण तिघांना तो असतो. बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही, त्यांना कळतही नाही. फुटला तर मात्र जिवावर बेततं.

पूर्वीचा मुख्य उपाय म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी चिमटा लावायचा. ग्विदो गुल्येल्मी या इटालियन डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी फुग्यापर्यंत न्यायची आणि तिच्यातून प्लॅटिनमची कॉइल आत सोडायची. केसाएवढी बारीक तार स्प्रिंगसारखी वळून ही कॉइल करतात. ती आत वेटोळं घालून बसते, रक्ताचा वेग मंदावतो, गुठळी होते. १९९० साली लॉस एंजेलिसला यूसीएलएमध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. १९९५ साली अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. पुढे फुगा फुटलेल्या २१४३ रुग्णांची मोठी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली आले. वर्षभरानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३१ टक्के होते, कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के.

पण आत बसलेली कॉइल तारेपासून सोडवायची कशी? आपली शाळेची प्रयोगशाळा आठवा. मोरचुदाचं निळं द्रावण, तांब्याच्या दोन पट्ट्या, बॅटरी. धनाग्राची पट्टी हळूहळू झिजायची. गुल्येल्मींनी हेच विद्युत अपघटन वापरलं. कॉइल आणि तिला ढकलणारी तार यांच्यामध्ये पोलादाचा इवलासा सांधा ठेवला. साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह सोडला की रक्तातल्या क्षारांमुळे तो विरघळतो आणि कॉइल सुटते. तोपर्यंत डॉक्टरांना ती मागे ओढून पुन्हा नीट बसवता येते.

अशी कॉइल माणसात जाण्याआधी तिची परीक्षा घ्यायची, हे आमच्या गटाचं काम. कॅलिफोर्नियातल्या आमच्या लॅबमध्ये टेबलावर सिलिकॉनच्या नागमोडी रक्तवाहिन्या आहेत. त्यांतून ३७ अंशांचं खारं पाणी पंपाने फिरतं. कॉइल ढकलायला किती जोर लागला, ओढताना ती ताणली गेली का, प्रवाह किती होता, सुटायला किती सेकंद लागले, हे क्षणाक्षणाला नोंदवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते.

आता गणिताच्या सरांना आवडेल असा प्रश्न. किती कॉइल तपासल्या म्हणजे पुरे? एक आकडा आम्ही फार वापरतो, एकोणसाठ. समजा, कॉइल शंभरात पाच वेळा दगा देणारी आहे. तर सलग एकोणसाठ पास होण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. म्हणून एकोणसाठपैकी एकोणसाठ पास झाल्या, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की शंभरातल्या किमान पंचाण्णव चालतील. यापलीकडे काही म्हणता येत नाही. आणि एका रुग्णाला पाच कॉइल लागल्या तर? ०.९५ चा पाचवा घात करा, ०.७७ येतो! म्हणून दोष किती घातक, यावर आकडा ठरतो. न सुटणारी कॉइल मागे घेता येते, तिथे एकोणसाठ चालतात. आत तुटलेली कॉइल सहज मागे घेता येत नाही. तिथे शंभरातल्या नव्व्याण्णवांची हमी हवी आणि त्यासाठी २९९ कॉइल, एकही नापास न होता. हा आकडा परीक्षेआधी लिहून सही करायची, निकाल पाहून बदलायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी एका चाचणीत चाळीस कॉइल व्यवस्थित सुटल्या, एकेचाळिसावी वेळेत सुटली नाही. तारीख डोक्यावर होती. एक वरिष्ठ म्हणाले, "यंत्राचा दोष असेल, ही एक वगळा." असेलही. पण 'असेल' हा पुरावा नव्हे. नोंदी पाहिल्या तर प्रवाह मध्येच घसरलेला. यंत्र उघडलं, तर परतीच्या तारेच्या जोडावर मीठ साचलेलं. दोष खरंच यंत्राचा होता. तरीही नियमाप्रमाणे ते दुरुस्त करून सगळी मालिका पहिल्यापासून केली. नऊ दिवस गेले, आणि एकोणसाठपैकी एकोणसाठ सुटल्या.

वरिष्ठांचा अंदाज बरोबर निघाला, मग नऊ दिवस वाया गेले का? मला नाही वाटत. सांध्यातच खोट असती, तरी तो अंदाज तितक्याच आत्मविश्वासाने सांगितला गेला असता. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाला आमचे अंदाज तपासता येत नाहीत. त्याच्या वतीने ते आम्हीच तपासायचे असतात.

जाता जाता एक सांगते, कारण आपण सगळेच चाळिशी ओलांडलेले. रक्तदाब सांभाळा, सिगारेट सोडा. आणि कधी अचानक, क्षणार्धात, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, तर बाम लावून झोपू नका. तडक हॉस्पिटल गाठा. कॉइल कितीही चांगली असली, तरी तिच्यापर्यंत वेळेत पोचावं लागतं.