दगडाच्या पोटातले तेल



आजच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचे नाव ‘शेल’ असे छापले आहे. शिंपल्याचे चित्र मिरवणाऱ्या पेट्रोल-कंपनीविषयी काही ऐकायला मिळेल म्हणून कोणी आले असतील, तर त्यांची क्षमा मागतो. माझा शेल म्हणजे चिखलाचा दगड. पापुद्र्यापापुद्र्यांचा, बहुधा काळसर, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. लहानपणी आपण ज्या पाटीवर अक्षरे गिरवली ती पाटी म्हणजे याच दगडाचे दाबाने आणि उष्णतेने कठीण झालेले रूप.

या चिखलात तेल आले कोठून? संथ पाण्याच्या तळाशी बारीक गाळ बसतो आणि त्याबरोबर मेलेली शेवाळे व सूक्ष्म जीवही बसतात. तळाशी प्राणवायू असेल तर ते कुजून जातात. नसेल तर टिकतात. लोणच्यावर आपण तेलाचा थर राखतो तो वारा लागू नये म्हणूनच ना? तेच येथे निसर्गाने केले. वर आणखी गाळ साचत गेला आणि हा थर खोल गेला. जमिनीत किलोमीटरभर उतरले की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. साठ ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान, लाखो वर्षांच्या मंद आंचेवर, त्या सेंद्रिय द्रव्याचे तेल होते. त्याहून तापले की वायू होतो. या द्रव्याला शास्त्रज्ञ केरोजेन म्हणतात.

झालेल्या तेलापैकी काही झिरपत वर जाते आणि सच्छिद्र वालुकाश्मात किंवा चुनखडीत अडकते. आपल्या नेहमीच्या तेलविहिरी तेथे खणतात. 1974 साली मुंबईच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ सापडले. तेथले बहुतेक तेल चुनखडीत आहे, पण ते शिजले तिच्याखालच्या पन्ना थरातल्या शेलमध्ये. म्हणजे इतकी वर्षे आपण उपसत आलो ती शेलची गळती! मग मूळ भांड्यात किती उरले असेल, हा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच.

या प्रश्नाला माणसाने दोन प्रकारे हात घातला. जेथे शेल पुरता शिजलेला नव्हता तेथे तो खणून वर आणला आणि भट्टीत शिजवला. स्कॉटलंडात जेम्स यंग नावाच्या रसायनज्ञाने 1850 साली एका जातीच्या कोळशापासून तेल काढण्याचे पेटंट घेतले. तो कोळसा संपत आल्यावर एडिंबरोच्या पश्चिमेकडचा शेल कामी आला. दिव्याचे तेल, मेणबत्तीचे मेण, यंत्रांचे वंगण, सारे दगडातून निघू लागले. 1913 च्या सुमारास वर्षाला तीस लाख टनांहून अधिक शेल खणला जात होता. पण टनभर दगडातून तेल मिळे ते साधारण दहावा हिस्सा, बाकी राख. त्या भाजलेल्या दगडाचे लालसर डोंगर वेस्ट लोदियनमध्ये अजून उभे आहेत आणि काहींना आता स्मारकाचा दर्जा मिळाला आहे. उद्योग मात्र 1962 साली मिटला. इराणात जे तेल विहिरीतून आपण होऊन वर येते, त्याच्याशी भट्टीचे तेल किती काळ झुंजणार?

अमेरिकेतील कोलोरॅडोत तर याहून कठीण प्रसंग घडला. तेथे शेलचा साठा अफाट. 1970 नंतरच्या तेलटंचाईत कंपन्या धावल्या, गावे वसली, घरे उठली. मग तेलाचे भाव उतरले आणि 2 मे 1982 रोजी एक्सॉनने आपला प्रकल्प बंद केला. दोन हजारांवर माणसे एका दिवसात बेकार झाली. त्या भागात तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो.

दुसरी तऱ्हा टेक्सासची. तेथला बार्नेट शेल खोलवर, पुरता शिजलेला, वायूने भरलेला. पण त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म की वायूला वाटच नाही. जॉर्ज मिचेल या ग्रीक स्थलांतरिताच्या मुलाने 1981 मध्ये तेथे पहिली विहीर खणली आणि पुढली सतरा-अठरा वर्षे पैसा ओतला. प्रचंड दाबाने द्रव आत सोडायचा, खडकाला तडे पाडायचे, आणि तडे मिटू नयेत म्हणून त्यांत वाळूचे कण अडकवायचे, अशी ही युक्ती. ती 1947 पासून ठाऊक होती, परंतु त्यासाठी वापरीत ते दाट द्रव महाग पडत. 1998 च्या सुमारास मिचेलच्या माणसांनी जवळजवळ नुसते पाणीच वापरून पाहिले, आणि ते साधले! त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली. अमेरिकेचे तेल-उत्पादन 2008 साली दिवसाला सुमारे पन्नास लाख बॅरल होते, ते 2023 मध्ये एकशेएकोणतीस लाखांवर गेले. ही वाढ मुख्यतः शेलची. मात्र अशा विहिरीचा ओघ पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतो. म्हणून सारखे नवे खणत राहावे लागते.

पोलंडने हे पाहून मोठी स्वप्ने रंगवली. 2011 च्या अमेरिकी अंदाजाने त्याला युरोपातला कुबेर ठरवले. दुसऱ्याच वर्षी त्याच्याच भूशास्त्र संस्थेने आकडा कितीतरी खाली आणला, आणि विहिरी खणून पाहणाऱ्या परदेशी कंपन्या एकेक करून परतल्या.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जानेवारीत ओ.एन.जी.सी.ला दुर्गापूरजवळ सुमारे सतराशे मीटर खोलीवर शेलमधला वायू मिळाला. 2013 मध्ये गुजरातेत जंबुसरला विहीर खणली. पण व्यापारी उत्पादनाची वार्ता त्यानंतर कानी आली नाही. अंदाजांचे म्हणाल तर 2012 साली अमेरिकेच्या एका सरकारी खात्याने आपला काढता येण्याजोगा शेल-वायू सहा लाख कोटी घनफूट सांगितला, आणि 2013 साली दुसऱ्या खात्याने शहाण्णव लाख कोटी! खोऱ्यांत थोडा फरक होता खरा, तरी सोळा पटींची तफावत कोणत्याही हिशेबनिसाची झोप उडवील. माझे मत विचाराल तर खणून पाहण्यावर खर्च जरूर करावा, पण त्या शहाण्णवांच्या भरवशावर एकही पाईप टाकू नये.

पाण्याचेही बोलले पाहिजे. बार्नेटमधल्या एका विहिरीस दीडएक कोटी लिटर पाणी लागे, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर. न्यायाने सांगायचे तर एक हेक्टर उसालाही वर्षाला याच मापाचे पाणी लागते. परंतु उसाचे झिरपलेले पाणी शेजारच्या विहिरीत उतरते; शेलमधून परतणारे पाणी खारट व दूषित असते आणि ते कोठे सोडावे ही पंचाईत होते. ओक्लाहोमात विहिरींतून निघणारे असे पाणी खोल जिरवले, तेव्हा 2015 साली एका वर्षात तीन रिश्टरच्या वरचे जवळजवळ नऊशे धक्के बसले.

व्याख्यानापूर्वी एका गृहस्थांनी विचारले, “आपल्या पायाखाली आहे का हो?” महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर काळ्या बेसॉल्टचे पांघरूण आहे आणि त्यात तेल शिजत नाही. त्याखाली काय, हे थोड्याच ठिकाणी पाहिले गेले. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर छिद्र पाडले, तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट लागला, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि पुढे जुना कठीण पाषाण. कोयनेजवळ हजारएक मीटर बेसॉल्ट गेल्यावर थेट ग्रॅनाइटच निघाला.