एकाला किती? नव्या साइटचा भाव आणि जुन्या साइटचा भाव

मागच्या भागात आपण नाणेफेकीवरून शक्यता समजून घेतली. त्यावर इंदूरच्या एका प्रेक्षकाचा निरोप आला: "सर, त्याच सामन्याला जुन्या साइटवर १.९० भाव आहे आणि नव्या साइटवर २.०५. गणितानं सांगा, नवी चांगली ना?"

प्रश्न सरळ आहे आणि अर्धा बरोबरही आहे. पैसे जातात ते उरलेल्या अर्ध्यात.

आधी भाव वाचायला शिकू. १.९० म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात, तर तुमच्या शंभरासकट १९० परत. सामना अगदी बरोबरीचा असेल, नाण्यासारखा, तर खरा भाव २.०० हवा. बुकी दोन्ही बाजूंना १.९० देतो. आता एकाला भावानं भागा: १ भागिले १.९० म्हणजे ५२.६ टक्के. दोन्ही बाजू मिळून १०५.२ च्या वर जातात. शक्यतांची बेरीज शंभर असायला हवी. वरचे पाच हे दुकानाचं भाडं समजा. कोण जिंकतो याच्याशी त्याचा संबंध नाही.

मुंबईच्या माणसाला हे नवं नाही. मटक्यात एका आकड्याला एकाला नऊ मिळायचे, आणि आकडे दहा. दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात, नऊ येतात. शंभरामागे दहा रुपये खाईवालाचे. आकडा कितीही फिरवा, हे दहा फिरत नाहीत.

आता इंदूरचा भाव. बरोबरीच्या सामन्याला कोणी २.०५ देत असेल, तर शंभरामागे अडीच रुपये दुकानदाराचेच जातात. दुकानदार असं का करेल? कारणं तीन-चार आहेत.

पहिलं कारण, तो फक्त एकाच बाजूला तसा भाव देतो. फुटबॉलचं उदाहरण घेऊ, कारण तिथे निकाल तीन असतात. जुन्या साइटचा फलक समजा असा: यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०. उलटे करून बेरीज केली तर १०४.८. नव्या साइटचा: यजमान २.२०, बरोबरी ३.१०, पाहुणे ३.२०. बेरीज जवळजवळ १०९. म्हणजे जाहिरातीत २.२० मोठ्या अक्षरात, आणि भाडं जवळजवळ दुप्पट. इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं: तुम्हाला फक्त यजमानांवरच लावायचं असेल, तर २.२० हा २.१० पेक्षा चांगलाच भाव आहे. त्यात फसवणूक नाही. पण एकदा तिथे खातं उघडलं की माणूस एकाच फळीवर थांबत नाही, आणि बाकीच्या फळ्यांवर ती साइट वसुली करते. म्हणून एक आकडा एका आकड्याशी ताडून पाहू नका. पूर्ण फलक पूर्ण फलकाशी, त्याच मिनिटाला, ताडा.

दुसरं कारण, भाव शिळा असतो. खेळाडू जखमी झाल्याची बातमी आली, जुन्याचा भाव हलला, नव्याचा अजून तिथेच. तुम्ही लावता, जिंकता, आणि मग अटींतलं एक कलम पुढे येतं: उघड चूक असलेला भाव रद्द करण्याचा अधिकार कंपनीला आहे. हरलात तर मात्र तीच चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरं, बोनस. हजार रुपये फुकट, पण काढण्याआधी दहा पट खेळायला हवं. म्हणजे दहा हजारांच्या पैजा. १.९० च्या भावानं त्यात सरासरी पाचशे जातात. हजाराचा बोनस पाचशेचा झाला. वीस पटीची अट असेल, तर त्याची सरासरी किंमत शून्य. तीस पट असेल तर हिशोब तुम्ही करा.

मग जुन्या साइट सज्जन का? तसंही नाही. ब्रिटनमध्ये हा धंदा परवान्यानं चालतो. २०१७ साली तीन संशोधकांनी दहा वर्षांच्या फुटबॉल सामन्यांचे भाव तपासले. युक्ती साधी होती: सगळ्या बुकींच्या भावांची सरासरी काढायची आणि जो बुकी त्याहून बराच जास्त देतो त्याच्याकडे लावायचं. नेमकं इंदूरच्या प्रेक्षकाच्या मनात आहे तेच. कागदावर नफा झाला. खरे पैसे लावून काही महिने पाहिलं, तेव्हाही झाला. मग बुकींनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा घालायला सुरुवात केली आणि प्रयोग थांबला. गणित बरोबर होतं. दुकानात जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा नव्हता.

जुन्या बुकींचे भावही दैवी नसतात. १९८१ च्या हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडच्या विजयाला पाचशेला एक भाव होता, आणि लिली व मार्श या ऑस्ट्रेलियन खेळाडूंनीच तो घेतला. इंग्लंड जिंकलं. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीला हंगामाआधी पाच हजाराला एक मिळत होते. या गोष्टी आपण लक्षात ठेवतो, कारण त्या क्वचित घडतात.

आणि भावाच्याही आधी येतो पैसा परत मिळण्याचा प्रश्न. ब्रिटनमध्ये कंपनी बुडाली तर ग्राहकांच्या पैशांना किती संरक्षण आहे, हे परवानाधारकाला जाहीर करावं लागतं. तरी मार्च २०२१ मध्ये फुटबॉल इंडेक्स नावाची परवानाधारक कंपनी कोसळली आणि लोकांचे सुमारे नऊ कोटी पौंड अडकले. जिथे नियामक आहे तिथली ही गोष्ट.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांचे खेळ चालवण्यावर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. त्यामुळे टेलिग्रामवरून जी लिंक येते, तिच्यामागे दाद मागायला कोणी नियामक नाही. २.०५ दाखवायला तिला काहीच खर्च येत नाही. जो भाव द्यायचाच नाही, तो कितीही दाखवता येतो. नव्या साइटच्या उदार भावाचं हे चौथं कारण, आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त वेळा खरं ठरणारं.

मी त्या प्रेक्षकाला लिहिलं की पूर्ण फलक आणि पैसे काढण्याच्या अटी पाठवा. त्यानं फलक पाठवला नाही. पाठवला तो दुसराच स्क्रीनशॉट: खात्यात एक्केचाळीस हजार जमा, आणि खाली सूचना, रक्कम काढण्याआधी तीस टक्के कर भरा. सोबत कुणा व्यक्तीच्या नावाचा यूपीआय आयडी. तीस टक्के हा आकडा ओळखीचा वाटतो, कारण ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर टीडीएस तेवढाच आहे. पण टीडीएस देणारा रकमेतून कापून घेतो. तो आधी तुमच्याकडून कोणी मागवत नाही. हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, अर्धे भरलेत."

१९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त. त्यानं त्याच रात्री केला. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक आधी कागदावर लिहून घ्या, तोच पहिल्यांदा विचारतात.