डावा पीळ, उजवा पीळ



पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याकडे करांद्याचे वेल झुडपांवर चढतात. परसात कोनफळही लावलेलं असेल, तर दोन्ही वेल जरा निरखून पाहा. कूळ एकच, पण करांदा आधाराला ज्या बाजूनं पीळ घालतो, कोनफळ नेमकं त्याच्या उलट.

रेणूंनाही असा डावा-उजवा पीळ असतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल घ्या, ते एकाच बाजूचं. असे रेणू गुंफून अर्धवाहक स्फटिक बनवले, तर इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं, म्हणजे त्याच्या अंगभूत चुंबकत्वाचं, काय होतं, हा आजचा विषय.

स्पिन मोजायला गेलं, की उत्तरं दोनच मिळतात: वर किंवा खाली. वाइझमन संस्थेच्या रॉन नामान यांनी सहकाऱ्यांसह 1999 मध्ये दाखवलं, की पिळाच्या रेणूंचा थर या दोघांना सारखं वागवत नाही. 2011 मध्ये सोन्यावर बसवलेल्या डीएनएच्या थरातून आलेल्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन-ध्रुवीकरण 60 टक्क्यांच्या घरात भरलं. तेही चुंबकाशिवाय!

अर्धवाहकात मोजायची एक रीत अशी. पातळ थरावर चुंबकीय सुईचं अतिसूक्ष्म टोक टेकवायचं, प्रवाह मोजायचा. मग सुईचं चुंबकत्व उलटं करून पुन्हा मोजायचा. दोन प्रवाहांच्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागायचं. 2019 मध्ये शिसं-आयोडाइडच्या अशा स्फटिकांत हा आकडा 86 टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे एका खेपेला प्रवाह 93, तर दुसऱ्या खेपेला अवघा 7.

पण नुसत्या आकड्यावर मी तरी भुलणार नाही. थर कुठं जाड, कुठं पातळ असला, सुई कमी-जास्त दाबली गेली, तरी प्रवाह हलतो. म्हणून उलट्या पिळाचा नमुना घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं. फरक तेवढाच, पण विरुद्ध बाजूला यायला हवा. दोन्ही पीळ समसमान मिसळले, तर तो जवळजवळ नाहीसाच व्हायला हवा. तिन्ही जुळलं, तर श्रेय पिळाचं.

हे घडतं कशामुळे, यावर मात्र अजून वाद आहे. कर्बासारख्या हलक्या अणूंत स्पिन आणि गती यांचं नातं फार क्षीण. एवढा मोठा परिणाम त्यातून गणितानं सहजी निघत नाही.

प्रयोग करणारे त्यासाठी थांबलेले नाहीत. 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेनं पिळाच्या थरातून इलेक्ट्रॉन-पोकळ्या गाळून एलईडी पेटवला. खोलीच्या तपमानाला, चुंबकाविना त्यातून वर्तुळ-ध्रुवित प्रकाश आला. त्याचं ध्रुवीकरण होतं 2.6 टक्के. थरात चाळलेला स्पिन प्रकाश होईपर्यंत टिकवायचा कसा, यावर आता काम चालू आहे.