चळवळीसाठी घर हलवण्याआधी

आमच्या ओळखीचं एक जोडपं न्यू हॅम्पशायरला राहायला जायचं म्हणतंय. नोकरीसाठी नाही, ‘फ्री स्टेट प्रोजेक्ट’साठी. सरकारनं कमीत कमी ढवळाढवळ करावी असं मानणाऱ्यांनी एका छोट्या राज्यात जमायचं आणि तिथलं राजकारण बदलायचं, ही २००१ साली निघालेली कल्पना. ठरवलेल्या २०,००० सह्या २०१६ मध्ये पूर्ण झाल्या.

तुमच्याही घरात असा विचार चालू असेल, तर आधी तीन गोष्टी बघा.

पहिली, मत. तुम्ही व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्याच्या निवडणुकीत मत देता येत नाही. चुकून मतदार म्हणून नाव नोंदवलंत, तर पुढे नागरिकत्वच अडचणीत येऊ शकतं.

दुसरी, पैसा. पगारावर राज्याचा टॅक्स नाही, हे खरं. पण फेडरल टॅक्स सुटत नाही आणि प्रॉपर्टी टॅक्स चांगलाच जड आहे.

तिसरी, मुलं. क्रॉयडन गावात मार्च २०२२ च्या सभेत शाळेचं बजेट १७ लाख डॉलरवरून ८ लाखांवर आलं, २० विरुद्ध १४ मतांनी. मे महिन्यात गाव जागं झालं आणि ३७७ विरुद्ध २ मतांनी ते परत आणलं.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. पण आधी मार्चमध्ये तिथे जा, एखाद्या गावसभेत मागे बसून ऐका. आणि मुलांनाही विचारा. विचार तुम्हाला पटलाय, शाळा त्यांची बदलणार आहे.