दोन महिने शून्य, तरी प्रयोग यशस्वी!

नाशिकहून बोलतोय. आजचा प्रश्न: जो कण पृथ्वीतून आरपार निघून जातो, तो पकडायचा कसा?

त्याचं नाव न्यूट्रिनो. १९५६ मध्ये तो अणुभट्टीजवळ सापडला होता. पण अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की तिथेही न्यूट्रिनो तयार होतात. ते कुणाच्या हाती लागले नव्हते. कारण त्याच वेळी म्यूऑन नावाच्या कणांचा पाऊस पडतो, आणि त्या गोंगाटात न्यूट्रिनोची कुजबुज ऐकू येत नाही.

मग मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. जितकं खोल जावं तितके म्यूऑन कमी, वरचा खडकच त्यांना अडवतो. साधारण पावणेतीन किलोमीटर खोलीवर तर दोन महिने एकही नोंद नाही! आपण म्हणू, मेहनत पाण्यात. पण त्यांना हीच शांतता हवी होती.

पुढे २.३ किलोमीटर खोलीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त, जपान आणि इंग्लंडच्या सहकाऱ्यांसोबत नवी उपकरणं लावली. खूण सोपी होती. हवेतून आलेला म्यूऑन वरून खाली येतो. न्यूट्रिनो क्वचित खडकात धडकला, तर त्यातून निघालेला म्यूऑन आडवाही जाऊ शकतो. १९६५ मध्ये असे आडवे माग मिळाले! त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही मिळाले.

न्यूट्रिनो स्वतः दिसला नाहीच. १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन तरी कुठे दिसला होता? त्याने किरण किती वळतो ते मोजलं. कण असे मागावरूनच ओळखायचे असतात.

चला, भेटू पुढच्या भागात!