आंब्याची गोष्ट, मालकाच्या आवाजात

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातल्या एका लेखातून पुढे आला. आज पॉडकास्ट कोकणातल्या बागेतही कामाचा आहे.

समजा, देवगडचा एक बागायतदार स्वतःच्या वेबसाइटवरून हापूस विकतो. पेट्यांचे फोटो सगळ्यांचेच सारखे. पण यंदा मोहोर कधी आला, तुडतुडा कसा आवरला, अढी कशी लावली, हे त्यानं पॉडकास्टवर आपल्या मालवणी हेलात सांगितलं, तर गिऱ्हाईक थांबून ऐकतं. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन म्हणजे काय, हा तर स्वतंत्र भागच होईल.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरतो. पंखा मात्र बंद ठेवा. ६४ केबीपीएसवर दहा मिनिटांचं बोलणं जेमतेम पाच एमबी भरतं.

एक गोष्ट आवर्जून करा. बोललेलं सगळं लिहून वेबसाइटवर त्या भागाच्याच पानावर ठेवा. गूगलवर शोधणाऱ्याला ते मजकुरामुळे सापडतं, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही वाचता येतं. वेबसाइटचा पत्ता सोपा ठेवा, सावकाश दोनदा सांगा. ऐकणारी व्यक्ती त्या वेळी एसटीत उभी असेल, नाहीतर पोळ्या लाटत असेल.